फ्लास्कवरचं नाव

पेशी-जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पीएचडी करते म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली मुलगी येते. प्रत्यक्षात माझा बराचसा दिवस गोठा सांभाळण्यासारखा जातो. पेशींना खायला घालायचं, जागा बदलायची, आजारी तर नाहीत ना ते बघायचं. इनक्युबेटरमध्ये ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. दर दोन-तीन दिवसांनी फ्लास्क भरतो आणि पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवाव्या लागतात. त्यांना रविवार कळत नाही, ईद कळत नाही आणि दिवाळीही कळत नाही. म्हणून आम्ही सण वाटून घेतले आहेत. ईदला माझ्या पेशी कुणीतरी बघतं, लक्ष्मीपूजनाला मी इतरांच्या बघते. यात थोर काही नाही, कामाची सोय आहे.

या पेशी फ्लास्कच्या तळाला घट्ट चिकटून वाढतात. त्या सोडवायला ट्रिप्सिन लागतं. हे पचनाचं विकर, आणि प्रयोगशाळेत येणारं ट्रिप्सिन बहुतेक वेळा डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं असतं. पेशींच्या खाद्यात साधारण १० टक्के सीरम असतं. गाभण गाय कत्तलखान्यात गेली की तिच्या पोटातल्या वासराच्या रक्तापासून ते मिळवतात. बाटलीवर देश छापलेला असतो: ब्राझील, ऑस्ट्रेलिया, अमेरिका. सीरम असेल तर ट्रिप्सिन चालत नाही, म्हणून आधी सीरमचा अंश धुवून काढायचा. मग ट्रिप्सिन घालून दोन-तीन मिनिटं थांबायचं. पेशी गोल होऊन सुटल्या की लगेच सीरम असलेलं खाद्य ओतायचं, नाहीतर ट्रिप्सिन पेशींनाही इजा करतं. म्हणजे डुकराचं द्रव्य पेशी सोडवतं आणि वासराचं द्रव्य त्याला आवरतं. १८५७ च्या काडतुसांची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली आहे. इथे ती दोन्ही द्रव्यं एकाच हूडखाली, एकाच फ्लास्कमध्ये रोज एकत्र येतात.

पहिल्या वर्षी हे घरी सांगितलं तेव्हा अम्मी गप्प झाली. मग म्हणाली, "तू हाथ लगाती उसको?" मी ग्लोव्हज असतात म्हणाले. तिचं समाधान झालं नाही. अब्बांनी मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारलं. त्यांचं उत्तर दोन वाक्यांचं होतं: खाने की चीज नहीं ना? फिर हाथ धो लेना. निषेध खाण्याला आहे, शिकण्याला नाही, एवढं त्यांनी सहज मोकळं केलं. सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेलं, प्राण्याचा संबंध नसलेलं ट्रिप्सिनही मिळतं, पण ते महाग पडतं आणि ऑर्डर देणारी मी नाही.

आमच्याकडे कांदा-लसूणही न खाणारे सहकारी आहेत. तेही सीरमची बाटली रोज हाताळतात, आणि त्यांच्याही घरी असा एखादा फोन झाला असेल. ज्या राज्यात २०१५ पासून गायीबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, तिथल्या प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये ही बाटली निवांत असते. मला यात ढोंग दिसत नाही. काम समोर असलं की माणसं आपापल्या विटाळाशी तडजोड करतात आणि त्याचा गवगवा करत नाहीत, एवढंच दिसतं.

प्रयोगशाळेत विटाळ नाही असं मात्र नाही. उलट आमचा अर्धा जीव त्यातच अडकलेला असतो. कॉन्टॅमिनेशन हा शब्द ऐकला की सगळे हातातलं काम थांबवतात. बुरशी किंवा जिवाणू निदान दिसतात, खाद्य गढूळ होतं. मायकोप्लाझ्मा दिसत नाही. त्याला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिन निरुपयोगी. तो इतका लहान की नेहमीच्या गाळणीतूनही निसटतो. पेशी वरून ठणठणीत दिसतात आणि निष्कर्ष मात्र खोटे निघतात. हा येतो कुठून? काही जाती गायीगुरांच्या सीरममधून आल्या, एक डुकराकडून, आणि फार आढळणारी एक जात माणसाच्या तोंडातून येते. आमच्याच. म्हणून हूडसमोर बोलायचं नाही आणि ठरावीक काळाने चाचणी करायची. शुद्ध की अशुद्ध हे चाचणी ठरवते. कुणाच्या फ्लास्कबद्दल कुणाला काय वाटतं, याला किंमत नाही.

फ्लास्कवरच्या नावालाही नाही. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून, तिला न विचारता, पेशी घेतल्या गेल्या. ३१ वर्षांची ती बाई त्याच वर्षी गेली, पण पेशी वाढतच राहिल्या. तिच्या नाव-आडनावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना हेला म्हणतात. ती कोण, हे जगाला नीट माहीतही नव्हतं. कित्येक वर्षं लोक 'हेलन लेन' असं भलतंच नाव सांगत राहिले. १९६६ साली स्टॅन्ली गार्टलर या शास्त्रज्ञाने १८ वेगवेगळ्या नावांच्या पेशी तपासल्या. त्या सगळ्यांत एका विकराचा असा प्रकार सापडला, जो प्रामुख्याने आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळतो. हेलामध्येही तोच होता. म्हणजे लेबलं निराळी आणि आत एकच बाई. 'चांग लिव्हर' नावाने यकृताच्या समजून वापरलेल्या पेशीही प्रत्यक्षात हेलाच निघाल्या. आता आम्ही पेशींचे डीएनए नमुने पडताळणीसाठी पाठवतो. अहवालात आकड्यांचा तक्ता येतो आणि तो नोंदीशी जुळवून पाहायचा असतो. नव्याने आलेल्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात सांगते: फ्लास्कवर लिहिलेलं नाव हा पुरावा नाही.

आणि मग मी संध्याकाळी घर शोधायला बाहेर पडते.

पुण्यात हे तिसऱ्यांदा. एजंट फोनवर आधी खूश असतो. रिसर्च करते, सरकारी फेलोशिप आहे, मुलगी शांत आहे. मग विचारतो, "मॅडम, पूर्ण नाव?" नाव सांगितलं की आवाज उतरतो. "मालकांना विचारून कळवतो." एकाने सांगितलं, नॉनव्हेज चालत नाही. मी म्हटलं, घरात शिजवणार नाही. तो अवघडून म्हणाला, "तसं नाही हो मॅडम." वाईट माणूस नव्हता. पण कसं आहे, ते त्याला सांगता येईना आणि मला विचारवेना.

ज्युनिअर फेलोशिपचे महिन्याला ३७ हजार, सिनिअर झाल्यावर ४२ हजार. पैशांची ओढाताण सगळ्यांचीच असते. पण या वयातल्या संशोधकाला एका जागी राहता येत नाही. पीएचडीनंतर दुसरं शहर, दोन-तीन वर्षांचा करार, मग तिसरं शहर. प्रत्येक ठिकाणी प्रयोगशाळेत जागा मिळेल की नाही हे मी केलेल्या कामावर ठरेल असं धरून चालू. राहायला जागा मिळेल की नाही हे आडनावावर ठरेल. दुसऱ्या गोष्टीला कंटाळून पहिली सोडलेले आमच्यातले किती असतील, याचा हिशेब कुणाच्या वहीत नाही.

माझे आप्त म्हणतात, गावी ये, कॉलेजात शिकव, घर तरी आपलं असेल. सल्ला प्रेमाचा आहे, म्हणून मोडून काढणं अवघड जातं. मी एवढंच सांगते की दिवसाचे दहा तास मी अशा ठिकाणी असते जिथे तपासल्याशिवाय कुणाला दूषित म्हणत नाहीत. ही सवय सोडवत नाही.

पुढच्या महिन्यात बंगळुरू आणि हैदराबादला अर्ज पाठवायचे आहेत. तिथल्या एजंटांचे नंबरही आतापासूनच जमवायला लागले आहे.