पिशवी मागवा

झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्यांची नशा मला आज ओळखता येते, ती एका सरकारी रुग्णालयातल्या वॉर्ड सिस्टरांमुळे. इंटर्नशिपला लागलो तेव्हा डायझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपामचे डोस तोंडपाठ होते. पण नशा म्हणजे तोंडाला दारूचा वास, एवढीच माझी समज.

एका रात्री एका आजींना आणलं. दोनदा पडलेल्या, असंबद्ध बोलत होत्या. पक्षाघात असेल असं वाटून मी सीटी स्कॅनला पाठवलं. साखर ठीक, स्कॅनही स्वच्छ. सिस्टर मुलाला म्हणाल्या, “घरी आजींच्या गोळ्यांची पिशवी असेल ना? मागवा.” पिशवीत दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या निघाल्या, एकीवर डायझेपाम, दुसरीवर अल्प्राझोलाम. मग सिस्टरांनी मला आजींजवळ उभं केलं. जीभ जड, पण तोंड वाकडं नाही. हातापायांत दोन्हीकडे सारखाच जोर, तरी बसवलं की तोल जातो. डोळ्यांसमोर बोट फिरवलं की बुबुळं थरथरतात. बाहुल्या मात्र नेहमीसारख्या. अफूच्या जातीचं औषध असतं तर त्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असत्या. म्हातारपणी डायझेपाम अंगातून लवकर जात नाही, साठत राहतं, हेही तेव्हाच उमगलं.

पुढे दारूवर गोळ्या घेतलेला एक तरुण आला. गाढ झोपलाय, असंच मला वाटलं. सिस्टरांनी त्याला कुशीवर वळवलं आणि घड्याळ माझ्यापुढे धरलं. “पूर्ण मिनिटभर श्वास मोजा, डॉक्टर.” नुसत्या गोळ्यांनी सहसा जीव जात नाही, दारू किंवा अफूजन्य औषध जोडीला आलं की श्वास मंदावतो. तो शुद्धीवर आल्यावर त्याच्या आईला त्यांनी बजावलं, की रोजची गोळी एकदम तोडू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करा.

२०१४ पासून एच-वन अनुसूचीतल्या डायझेपाम, अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची विक्री औषध दुकानदाराला नोंदवहीत लिहावी लागते. पण घरातल्या डब्यात काय साठलंय, शेजारणीनं कुठली गोळी दिलीय, ते त्या वहीत कुठून येणार? म्हणून तोल गेलेला, बोलणं अडखळणारा रुग्ण आला की तपासण्या लिहितानाच मी नातेवाइकांना घरातल्या सगळ्या गोळ्या आणायला सांगतो. माझ्या हाताखालची मुलंही आता तसंच सांगतात. सिस्टर केव्हाच निवृत्त झाल्या. ही विद्या मूळची त्यांची, हे त्या मुलांना ठाऊक असावं म्हणून हे लिहिलं.