पडद्यावरील जिनवाणी

राजाबाजार परिसरातील एका वयोवृद्ध श्रावकांना दृष्टी मंदावल्यामुळे छापील गाथा वाचता येईनाशा झाल्या. नित्य स्वाध्याय खंडित झाल्याने त्यांना जेवणही गोड लागेना. नातीने टॅब्लेटवर अक्षरे मोठी करून दिली. परंतु ज्या यंत्रावर दिवसभर करमणूक चालते, त्यावर शास्त्र उघडणे हा अविनय तर नव्हे, अशी शंका त्यांच्या मनात होती.

ही शंका नवी नाही. एकेकाळी शास्त्रे छापण्यासही समाजात तीव्र विरोध होता. तरीही मूडबिद्रीच्या ताडपत्रांत जतन झालेल्या षट्खंडागमाचा पहिला खंड, धवला टीकेसह, डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ मध्ये अमरावतीहून प्रकाशित झाला आणि ते ज्ञान अभ्यासकांच्या हाती आले.

स्वाध्यायाचे पाच भेद सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. पडदा साहाय्य करतो तो वाचनेस. उरलेले चार साधकानेच साधावयाचे असतात. आजोबा आता हात धुऊन, संदेशांचे आवाज बंद करून, टॅब्लेट चौरंगावर ठेवून वाचतात. छापील ग्रंथ वेष्टनात असून श्रुतपंचमीस त्याची पूजा होते. पूर्वी ते एकटेच वाचीत; आता नात शेजारी बसून अर्थ विचारते. वाचनेबरोबर पृच्छनाही घडू लागली आहे.