काटकसर आणि रांगेतील जागा

काटकसर ही आमच्या घरात कधी वादाची बाब झाली नाही. मुंबईस जायचे तर शिदोरी घरून न्यावी, शक्य तर नातलगांकडे उतरावे, परतीच्या वाटेवर उरलेली चपाती टाकू नये, असे वळण बेळगावातील आमच्या पिढीच्या बहुतेक कुटुंबांना होते आणि त्याचा कोणास संकोचही वाटत नसे. परंतु काटकसर कोठे संपते व लबाडी कोठे सुरू होते, हा प्रश्न २०२५ च्या उन्हाळ्यात माझ्यापुढे उभा राहिला तो अमेरिकेत, चिरंजीवांच्या जेवणाच्या मेजावर.

चिरंजीव अटलांटा शहरी नोकरीस आहेत. तेथून मोटारीने साधारण सात तासांच्या अंतरावर फ्लॉरिडा राज्यातील ऑर्लँडो शहर लागते आणि त्याच्या शेजारी 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' आहे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी ते लोकांस खुले झाले. आज तेथे चार मोठी उद्याने आहेत, आणि पाळणे, नौका, धावत्या गाड्या, परीकथांतील राजवाडे यांनी ती भरलेली आहेत. अमेरिकेतील मुलांना या स्थळाची जी ओढ असते ती आपल्याकडील मुलांच्या जत्रेच्या ओढीहून निराळी नाही. निराळा आहे तो खर्च. गर्दीच्या दिवशी मुख्य उद्यानाचे एका माणसाचे एका दिवसाचे तिकीट दीडशे डॉलरांच्या वर जाते, म्हणजे आपले बारा हजार रुपयांहून अधिक. आम्ही पाच माणसे. चिरंजीव कागद-पेन्सिल घेऊन बसले यात नवल नव्हते.

त्यांच्या कचेरीतील एका स्नेह्याने पैसे वाचविण्याच्या युक्त्यांची एक लांबलचक यादी दिली होती. तिच्यातील निम्म्या युक्त्या ऐकून माझे मन प्रसन्न झाले. उद्यानात घरचे खाणे नेता येते. फक्त काचेच्या बाटल्या व मद्य नको. खाद्यपदार्थांच्या खिडकीवर बर्फाचे पाणी मागितल्यास फुकट मिळते, बाटली विकत घेण्याचे कारण नाही. तिकीट अधिक दिवसांचे घेतले की दर दिवसाचा भाव उतरतो. लहान मुलाला ज्या गाडीत बसू देत नाहीत, तेथे एक पालक त्याला घेऊन बाहेर थांबतो व दुसरा परत आला की पुन्हा मोठी रांग न लावता पहिल्याला सोडतात. ही सोय कंपनीनेच ठेवलेली आहे. सूनबाईंनी तेवढ्यावरच थेपल्यांचे पीठ मोजावयास घेतले.

यादीच्या पुढच्या भागात मात्र रस्ता उताराला लागला होता. तेथील हॉटेलांत एक पेला विकत मिळतो आणि मुक्काम असेपर्यंत त्यात सरबते हवी तितकी वेळा भरून घेता येतात. लोक तोच पेला घरी नेऊन पुढच्या वर्षी व त्याच्या पुढच्या वर्षीही परत आणू लागले. शेवटी कंपनीने पेल्याच्या बुडात एक सूक्ष्म यंत्र बसविले. मुदत संपली की नळ सुटत नाही. चार दिवसांच्या तिकिटातील दोन दिवस वापरून उरलेले दोन दुसऱ्यास विकणे हाही एक जुना व्यवसाय. फ्लॉरिडात तो कायद्याने गुन्हा ठरविलेला आहे आणि दारावर बोटाची खूण घेऊन तिकीट ज्याचे त्यालाच बांधतात. ही वृत्ती काही आजची नव्हे. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले, त्या पहिल्याच दिवशी खोट्या निमंत्रणपत्रिका घेऊन लोकांचे लोंढे आत शिरले होते.

मग वयाचा विषय निघाला. नियम असा: तीन वर्षांखालील मूल फुकट, तीन ते नऊ बालकाचे तिकीट, दहापासून पुढे मोठ्या माणसाचे. आमचा नातू नुकताच दहाचा झाला होता. बालकाच्या व मोठ्याच्या तिकिटांत फरक फार तर पाच-दहा डॉलरांचा, म्हणून त्याला नऊचा करण्याचा मोह कोणास झाला नाही. इतक्या स्वस्तात खोटे विकण्यास कोण तयार होईल? नातीची गोष्ट वेगळी. तिला तीन वर्षे पूर्ण होऊन अवघे सात आठवडे झाले होते, आणि दारावर मुलांच्या जन्माचा दाखला सहसा कोणी मागत नाही. सात आठवड्यांपूर्वी हीच मुलगी, हेच कुटुंब, हेच उद्यान असते तर एक पैसा पडला नसता, आणि आम्ही मुद्दाम त्या बेताने गेलो असतो तर त्यास सर्वांनी शहाणपण म्हटले असते.

आगगाडीत तिकीट तपासनीस येताच सहा-सात वर्षांचे पोर मांडीवर ओढून 'अजून पाचही झाली नाहीत' असे सांगणारी आई आपणांपैकी कोणी पाहिली नाही? मी तिला कधी कठोर शब्द लावू शकलो नाही. पुष्कळदा तिच्या कनवटीला खरोखरच अर्ध्या तिकिटाचे पैसे नसत, आणि प्रवास असे तो आजारी बापाकडे किंवा बाळंतपणाला. संत थॉमस अक्विनस यांनी एका गुणाची चर्चा केली आहे. कायदा ज्या हेतूने केला तो हेतूच कायद्याच्या अक्षराने मोडत असेल, तेव्हा अक्षर बाजूस सारून हेतू पाळणे हा तो गुण. दुसऱ्याने ठेवावयास दिलेली तलवार त्यास परत करावी हा नियम, परंतु तो वेडाच्या भरात मागत असेल तर देऊ नये, हे त्यांचेच उदाहरण. आगगाडीतील त्या आईला या उदाहरणाच्या आसपास कोठेतरी आसरा मिळेल असे मला वाटते. पाळण्यात बसावयास निघालेल्या आम्हांस मात्र तो कसा मिळावा, हे मला सुचेना.

शिवाय एक गंमत सूनबाईंनीच काढली. काही गाड्यांना उंचीची अट असते. दारात काठी ठेवलेली असते व तिच्याहून ठेंगणे मूल आत घेत नाहीत. तेव्हा तेच पालक मुलाच्या बुटात कागदाचे बोळे भरतात. म्हणजे बाहेरच्या दारात लहान केलेले लेकरू आतल्या दारात मोठे करायचे! पहिल्या लबाडीने कंपनीचे पैसे जातात. दुसरीने मूल पट्ट्यातून निसटण्याचे भय असते. यावर सर्व हसले आणि नातीचे तिकीट निघाले.

खरा वाद पेटला तो यादीतील शेवटच्या युक्तीवर. रांगेत उभे राहणे ज्यांना शक्य नसते, त्यांच्यासाठी तेथे एक सवलत आहे. अशा व्यक्तीला परत येण्याची एक वेळ देतात. तोवर ती सावलीत, गर्दीपासून दूर बसते व वेळ झाली की बाजूच्या छोट्या वाटेने आत जाते. २०१३ साली न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने उघड केले की, मॅनहॅटनमधील काही धनिक कुटुंबे अपंग व्यक्तींना तासाला १३० डॉलर देऊन बरोबर नेत व त्यांच्या आडोशाने रांगा टाळीत. त्याच वर्षी जुनी पद्धत बंद करून नवी आणण्यात आली. तरीही सवलत मागणारे वाढतच गेले, आणि २०२४ मध्ये ती मुख्यतः स्वमग्नता, म्हणजे ज्यास डॉक्टर ऑटिझम म्हणतात, व तत्सम विकासाच्या अडचणी असणाऱ्यांपुरती आवळण्यात आली. इतर व्याधींचे पुष्कळ लोक, ज्यांना ती पूर्वी मिळत असे, बाहेर राहिले.

"बाबांचे गुडघे चालणार नाहीत," चिरंजीव म्हणाले, "त्यासाठी चाकाची खुर्ची घ्या म्हणतात. पण धाकटेपणी हा किती चंचल होता! तेवढेच सांगायचे."

मी म्हणालो, हे बरे नव्हे. त्यावर त्यांनी जे उत्तर दिले ते हलके नव्हते. १९९९ पासून तेथे वेळ राखून रांग टाळण्याची सोय सर्वांना फुकट होती. २०२१ पासून तिच्यासाठी पैसे आकारतात. "कंपनी स्वतःच रांगेतील जागा विकते, बाबा. ज्याच्याजवळ पैसे आहेत तो पुढे, बाकीचे उन्हात. त्यांना आपण कोणती नीती दाखवायची?"

यातील राग मला पटला. सामान्य रांगेतील माणसाचा तास कापून तो दुसऱ्यास विकावा, हे मला अजूनही शोभत नाही असे वाटते, कायदा काहीही म्हणो. परंतु आम्ही जी जागा घेणार होतो ती कंपनीच्या गल्ल्यातून निघत नव्हती. अटलांटातील त्यांच्या धर्मग्रामात एक मल्याळी कुटुंब आहे. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. मिस्सेच्या वेळी ऑर्गन वाजू लागला की तो कान झाकून मागच्या भिंतीशी जातो आणि त्याची आई त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहते. एक वर्ष ते त्या उद्यानात गेले होते, आणि त्या दिवसाविषयी त्याची आई अजून बोलते. खोट्या अर्जांमुळे ते दार अरुंद झाले. आणखी अरुंद झाले तर बाहेर राहणारा तो मुलगा असेल. चिरंजीव हे ऐकून गप्प राहिले, पण कबूल झाले नाहीत.

निकाल सूनबाईंनी लावला, आणि तोही निराळ्याच मुद्द्यावर. या सवलतीसाठी कंपनीच्या माणसाशी दूरचित्रावरून समक्ष बोलावे लागते, आणि ज्याच्यासाठी ती हवी त्याने तेथे हजर असावे लागते. त्या म्हणाल्या, "तो माझ्या शेजारी बसलेला असेल. त्याच्यादेखत, त्याच्यात काय बिघाड आहे ते मी सांगू? आणि नंतर घरी येऊन त्याला काय सांगू?"

आम्ही चारऐवजी तीन दिवसांचे तिकीट घेतले व उद्यानाबाहेरील साध्या खोलीत उतरलो. थेपले दुसऱ्या दिवशी दुपारी संपले. पीटर पॅनच्या उडत्या नौकेसाठी आम्ही सत्तर मिनिटे उभे होतो. नौकेतील सफर तीन मिनिटांची. नात माझ्या खांद्यावर झोपली. शेजारच्या छोट्या वाटेने लोक भराभर पुढे जात होते.

"आजोबा, हे सगळे पैसे देऊन जातात का?" नातवाने विचारले.

"काही जण."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांना असे उभे राहवत नाही."

तो त्यांच्याकडे पाहत राहिला. कोण पैसे देऊन चालला आहे व कोण गरजेने, हे ओळखण्याचा तो प्रयत्न करीत असावा. मीही करीत होतो. मग आमची रांग चार पावले पुढे सरकली.