सात दिवसांचे मौन

आमचा धाकटा गेला, तेव्हा मडगावच्या घरी समाचारास आलेल्यांनी आम्हांस प्रारब्ध समजावून सांगितले. शेजारच्या ख्रिस्ती बाई मात्र रोज येऊन नुसत्या बसत. पुढे बायबलातील ईयोबाची कथा वाचताना ते बसणे उमगले. त्याचे मित्रही सात दिवस मुकाट बसले होते. बिघडले ते कारणे सांगू लागल्यावर. देवाचा कोप झाला तो त्यांच्यावर. भांडणारा ईयोबच यथार्थ बोलला, असा निवाडा. (दुःख का दिले, हे मात्र देवाने त्यालाही सांगितले नाही!) पंडिता रमाबाईंची एकुलती मनोरमा १९२१ साली गेली, तरी बायबलाच्या भाषांतराचे काम त्यांनी १९२२ मध्ये स्वतः जाईपर्यंत सोडले नाही. ईयोबाचे पुस्तक त्यात आलेच. शेजारच्या बाईंचाही थोरला बोटीवर नोकरीस असता वारला होता, हे आम्हांस फार उशिरा कळले.