वाट कोणाची पाहतो?

तुंबलेली मोरी आणि संडास धुण्याचे काम आम्ही सुपेकर रविवारवर ढकलतो. दुष्काळी तालुका, त्यामुळे पाण्याची सबब तयारच असते. वाचनाला, गप्पांना मात्र वेळ पुरतो. तेव्हा ही चालढकल निव्वळ आळसाची नव्हे. हे काम दुसऱ्या कोणाचे तरी आहे, ही जातिव्यवस्थेने मुरवलेली समजूत तिच्या तळाशी आहे. आमच्याच तालुक्यातील पारनेरात १८८० साली जन्मलेले सेनापती बापट पहाटे झाडू घेऊन गावचे रस्ते व शौचकूप साफ करीत. ती पहाटेची वेळ आम्हांस अर्थपूर्ण वाटते. सबबी जाग्या होण्यापूर्वी काम उरकते. आम्हीही आता चहाआधी खराटा उचलतो. किळस अजून येतेच. पण परक्या हातांची वाट पाहणे थांबले आहे.