पाना हातात घेणे म्हणजे मागे जाणे नव्हे

आपल्या समाजात एक समज खोल रुतून बसला आहे. शिकलेल्या माणसाने हातात पाना धरला, बोटांना ग्रीस लागले, की त्याचे शिक्षण वाया गेले! आम्ही समाजशास्त्रात एम. ए. केले, सामाजिक कार्य करतो. कारध्याला घराच्या अंगणात जुन्या प्रीमियर पद्मिनीचा स्पीडोमीटर खोलून बसलो, तेव्हा वस्तीतील एका आजोबांनी विचारले, "एम्मे शिकला नं बापू, मंग हे मेस्त्रीचं काम काहून करतं?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यांच्या मागच्या पिढ्यांवर काम लादले गेले होते. मेलेली ढोरे ओढण्यापासून वेठबिगारीपर्यंत सारे जन्मानेच वाट्याला आले. निवड नव्हती, मोबदला नव्हता, मान तर नव्हताच. म्हणून पोराने हत्यार सोडून लेखणी धरावी, ही त्यांची तळमळ न्याय्यच आहे. पण गुलामी हत्यारात होती की सक्तीत? १९३६ साली लाहोरला होऊ न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले, की जात फक्त कामे वाटत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावते. डोके एकाकडे आणि हात दुसऱ्याकडे. शिकल्यावर आपणही हाताला कमी लेखू लागलो, तर आपण त्याच व्यवस्थेची चाकरी करीत नाही काय?

आता मीटरचे पाहू. गाडीचा काटा आधी थरथरायचा. मग एक दिवस शून्यावरच पडून राहिला, किलोमीटरचे आकडेही थांबले. एका दुकानात सल्ला मिळाला, "आख्खा मीटर बदला." आम्ही आधी कारण शोधायचे ठरवले.

या मीटरच्या तत्त्वाचे पेटंट जर्मनीच्या ऑटो शुल्झे यांनी १९०२ साली घेतले. गिअरबॉक्सकडून लवचिक केबल फिरत येते आणि मीटरमधले चुंबक फिरवते. चुंबकालगत ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा स्पर्श होत नाही, पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत विद्युतप्रवाह तयार होतात आणि वाटी त्याच दिशेने ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला आवरते. या ओढाताणीत काटा जिथे ठरतो, तो वेग. किलोमीटरचे आकडे त्याच केबलवर, पण दातेरी चाकांनी फिरतात.

म्हणजे नुसता काटा बंद असेल तर वाटी-स्प्रिंग तपासावी, नुसते आकडे बंद असतील तर चाके. दोन्ही एकदम थांबले तर पहिला संशय केबलवर. बॅटरीची तार काढली, मीटरमागचा गोल नट सोडवला, आतली केबल ओढली. तुटलेली! मीटर निर्दोष होता. नव्या केबलला हलके ग्रीस लावले, मीटरकडचे टोक कोरडे ठेवले, कारण ग्रीस वर चढून मीटरमध्ये शिरते. केबल बसवताना तिला तीव्र बाक येऊ दिला नाही. मग महामार्गावर काटा ६० वर ठेवला. धाकट्या भावाने किलोमीटरच्या दोन दगडांमधला वेळ मोबाईलवर मोजला. एक मिनिट भरले.

कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, ही तथागतांची शिकवण फक्त वंदनेपुरती आहे काय?

कारध्याच्या माणसाला मोजमापाचे मोल शिकवावे लागत नाही. पावसाळ्यात इथल्या पुलाजवळ वैनगंगेची पातळी किती, यावर काठच्या गावांची झोप ठरते. चुकीचा आकडा जीव घेऊ शकतो. जुन्या गाड्या विकताना आकडे मागे फिरवणारेही असतात. आमचा मीटर जेवढे दिवस बंद होता, ते आम्ही वहीत लिहून ठेवले. उद्या गाडी विकली तर घेणाऱ्याला ते कळले पाहिजे. खोटे न बोलण्याचे शील बाजारातही पाळायचे असते.

मित्रांनो, आपल्या विहारांतून अभ्यासिका उभ्या राहत आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्यांच्या एका कोपऱ्यात पाने, स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर का नसावेत? ते मुलींच्याही हातात का नसावेत? लादलेले काम नाकारणे हा आपला हक्क आहे. समजून-उमजून एखादे काम हाती घेणे, हाही तोच हक्क आहे. तो कुणालाही हिरावू देऊ नका, आपल्याच माणसांनाही नाही.

जय भीम!