गळ्यात पडलेला मेलसर्व्हर

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी परचेस बघते. एक्सेल बऱ्यापैकी येतं, प्रिंटरमध्ये कागद अडकला तर कुठलं झाकण उघडायचं हे माहीत आहे; एवढ्याच भांडवलावर कंपनीचा मेलसर्व्हर माझ्या गळ्यात पडला. तो सांभाळणारा मुलगा चांगल्या पगारावर बंगळूरला गेला. जाताना पासवर्डची वही हातात ठेवून म्हणाला, "काही बघायला लागत नाही मॅडम, आपोआप चालतंय ते."

साहेबांनी मात्र लगेच दोन कामं सांगितली. "कचरा मेल बंद करा. आणि एकही मेल हरवायची नाही, ऑडिटर जुनं सगळं मागायलाय." एक काम टाकून देण्याचं, दुसरं जपून ठेवण्याचं, आणि दोन्ही एकाच संगणकाकडून करून घ्यायची. टाकायचं काय आणि जपायचं काय हे ठरवणार कोण, असं विचारलं तर म्हणाले, "सॉफ्टवेअर असतंय की त्याला."

सॉफ्टवेअर होतं. पॅकिंग विभागाच्या माडीवर एका धुळकट डब्यात लिनक्स, त्यावर मेल घेणारा-पाठवणारा पोस्टफिक्स आणि मेल तपासणारा स्पॅमअसॅसिन. दोन्ही फुकट मिळणारी, जगभर चालणारी. माझा समज असा की, कचरा म्हणजे काय हे स्पॅमअसॅसिनला माहीत असणार. आमच्या सेल्सला जर्मनीतल्या एका गिऱ्हाइकाची चौकशी जंक फोल्डरमध्ये सापडली आणि त्या समजाची वाट लागली.

मेलच्या वर एरवी लपलेला मजकूर असतो, त्याला हेडर म्हणतात. तो उघडला तर चाळीसेक ओळी अंगावर आल्या. त्यात एक होती: स्कोअर ५.६, रिक्वायर्ड ५.०. म्हणजे फिल्टर चक्क मार्क देत होता. पाठवणाऱ्या सर्व्हरच्या आयपी पत्त्यावरून नाव शोधलं तर सापडत नाही, त्याचे काही मार्क. विषय सगळा कॅपिटल अक्षरांत, त्याचे काही. असे शेकडो नियम. काही मार्क वाढवतात, काही कमी करतात. मूळ मांडणीत बेरीज पाचाला पोचली की मेलवर कचऱ्याचा शिक्का. आमच्या जर्मन गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त, साडेतीन मार्क एकाच नियमाने दिले होते. त्याचं नाव बेझ_९९.

हे बेझ म्हणजे अठराव्या शतकातले इंग्लिश पाद्री थॉमस बेझ. त्यांच्या संभाव्यतेच्या गणिताने कचरा मेल ओळखता येते, हे २००२ मध्ये पॉल ग्रॅहॅम या प्रोग्रॅमरने एका निबंधात मांडलं आणि ती पद्धत सगळीकडे पसरली. आधी आलेल्या चांगल्या आणि वाईट मेलमध्ये कुठला शब्द किती वेळा आला याचा हिशोब फिल्टर ठेवतो आणि नव्या मेलमधले शब्द बघून अंदाज बांधतो. आता गंमत अशी की, आम्हाला रोज परदेशी फौंड्र्यांच्या जाहिराती येतात: आम्ही ग्रे आयर्न कास्टिंग बनवतो, ड्रॉइंग पाठवा, कोटेशन देतो. सेल्सची पोरं त्या इमानेइतबारे जंकमध्ये टाकत आली. त्यामुळे फिल्टर शिकला काय? तर कास्टिंग, ड्रॉइंग, कोटेशन हे शब्द आले की मेल कचरा. ज्या शब्दांवर आमचं पोट भरतं, तेच त्याच्या काळ्या यादीत. चांगल्या मेल त्याला कुणी दाखवल्याच नव्हत्या, किंवा इतक्या कमी दाखवल्या होत्या की जाहिरातींपुढे त्यांचा पाड लागला नाही. मग जुन्या ऑर्डरींचे, चौकश्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे "ह्या चांगल्या" म्हणून त्याला शिकवले. महिन्याभरात चौकश्या सुटायला लागल्या.

तेवढ्यात अकाउंट्समधले काका आले. त्यांच्या पतसंस्थेची वार्षिक सभेची नोटीस मराठीत येते, ती दरवर्षी जंकमध्ये जाते म्हणे. सेटिंगची फाइल बघितली तर चालणाऱ्या भाषांच्या यादीत फक्त इंग्रजी. बाकी भाषेत मेल आली की वरून मार्क. कोल्हापुरात बसून मराठीला दंड! यादीत मराठी आणि हिंदी घातली. सगळ्या प्रकरणात हे एकच काम मला पहिल्या झटक्यात जमलं, म्हणून इथं नोंदवून ठेवते.

ग्रेलिस्टिंग हे प्रकरण त्याहून चक्रम. अनोळखी सर्व्हर मेल घेऊन आला की आपला सर्व्हर ४५० आकडा तोंडावर मारतो, म्हणजे "आत्ता नाही, नंतर ये". खरा मेलसर्व्हर थोड्या वेळाने परत येतो. घाऊक कचरा टाकणारे प्रोग्रॅम बरेचदा परत येतच नाहीत. २००३ मध्ये इव्हान हॅरिस यांनी ही युक्ती मांडली. युक्ती नामी आहे, पण एका पोर्टलचा ओटीपी मेलवर येतो आणि दहा मिनिटांत मरतो. आमच्याकडे थांबायची मुदत पाच मिनिटं; त्यात मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर पुन्हा येताना दुसऱ्याच आयपीवरून येतात, की परत "नंतर ये". काका स्क्रीनसमोर हात बांधून बसलेले आणि ओटीपी दारात उभा. असे पाठवणारे सवलतीच्या यादीत टाकावे लागले.

मग आमच्याच नावाने आम्हाला मेल यायला लागल्या. साहेबांच्या पत्त्यावरून साहेबांनाच: तुमचा मेलबॉक्स भरलाय, इथे क्लिक करा. मी घाबरले, पासवर्ड फुटला वाटून. पण त्यासाठी पासवर्ड लागतच नाही. एसएमटीपी, म्हणजे मेल पोचवायची बोली, १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहून काढली. तेव्हाचं नेटवर्क ओळखीच्या माणसांचं, त्यामुळे पाठवणाऱ्याचं नाव खरं की खोटं हे तपासायची सोयच ठेवली नव्हती. खरं तर ओळखीच्यांतही खोडी निघाली होतीच: १९७८ मध्ये अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, डेक या संगणक कंपनीच्या गॅरी थ्यूर्क यांनी चारेकशे लोकांना संगणकांची जाहिरात एकदम पाठवली होती.

साध्या टपालात पाकिटावर एक नाव आणि आतल्या पत्राखाली दुसरीच सही असू शकते, तसंच मेलचं आहे. पोस्टमन पाकीट बघतो, आपण पत्र वाचतो. नंतर आलेली तीन ठिगळं याच फटीवर मारलेली आहेत. आपल्या डोमेनची पाकिटं कुठल्या सर्व्हरवरून निघतात याची जाहीर यादी म्हणजे एसपीएफ. मेलवरची गणिती सही म्हणजे डीकेआयएम. आणि या दोहोंपैकी निदान एकाचं डोमेन वाचणाऱ्याला दिसणाऱ्या नावाशी जुळलं पाहिजे, नाहीतर मेलचं काय करायचं, हे जगाला सांगणारी सूचना म्हणजे डीमार्क. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांना ही तिन्ही सक्तीची केली. आमची मेल घाऊक नाही, पण तिन्ही लावल्यावर साहेबांच्या नावाने येणाऱ्या मेल दारातच अडायला लागल्या. साहेब खूश. मला वाटलं, जिंकलं.

आर्काइव्हचं काम तोवर बाजूला पडलं होतं. "बॅकअप आहे की आपल्याकडं रोज रात्रीचा," असं साहेबांचं म्हणणं. माझंही तेच होतं. पण सकाळी आलेली मेल कुणी दुपारी पुसली तर रात्रीच्या बॅकअपमध्ये ती नसतेच. सर्व्हर बंद पडला तर बॅकअप त्याला कालच्या जागी आणून ठेवतो. आर्काइव्हला मात्र मेल येताक्षणी प्रत काढून अशा जागी ठेवावी लागते, जिथं मेलच्या मालकालाही ती पुसता येत नाही. पोस्टफिक्समध्ये त्यासाठी एका ओळीची सोय आहे: प्रत्येक मेलची प्रत गुपचूप एका ठरावीक पत्त्यावर. एक ओळ लिहिली की झालं, असं वाटलं. पण ती प्रत फिल्टरच्या आधी काढायची की नंतर?

आधी काढली तर लॉटरीच्या आणि औषधांच्या जाहिराती वर्षानुवर्षं जपा. नंतर काढली तर फिल्टरने चुकून उचललेली जर्मन चौकशी आर्काइव्हमध्ये कधीच नसणार. उद्या वाद झाला तर मेल आलीच नव्हती असं आपलंच रेकॉर्ड सांगणार. यावर माझं डोकं चालेना. उत्तर पुन्हा त्या जुन्या बोलीतच सापडलं. समोरचा सर्व्हर मेल देतो तेव्हा आपला सर्व्हर २५० म्हणाला की मेल घेतली, आणि त्या क्षणापासून ती पोचवायची जबाबदारी आपली. नको असेल तर तिथंच ५५० म्हणून नाकारायची. म्हणजे खरा पाठवणारा असेल तर त्याला पत्ता लागतो आणि तो फोन उचलतो. घेऊन मागच्या दाराने गुपचूप फेकून देणं हा सगळ्यात वाईट प्रकार. म्हणून नियम केला: उघड कचरा दारातच नाकारायचा, आणि एकदा २५० म्हटलं की मेल जंकमध्ये जावो नाहीतर इनबॉक्समध्ये, तिची प्रत निघणारच.

किती वर्षं ठेवायचं, हे ऑडिटरनी सांगितलं. कंपनी कायद्याप्रमाणे हिशोबाची पुस्तकं आणि व्हाउचर आठ आर्थिक वर्षं, जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. ऑर्डरी आणि बिलं आमच्याकडे मेलवरच येतात, तेव्हा आठ धरून चला. "मग कायमचंच ठेवू," मी म्हटलं. ते म्हणाले, एन्रॉन आठवते का? दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे आपल्याकडे घरोघर माहीत झालेली ती कंपनी २००१ मध्ये बुडाली आणि चौकशीनंतर अमेरिकेच्या ऊर्जा नियामकाने तिच्या लाखो मेल जगाला खुल्या केल्या. घोटाळ्याबरोबर लोकांच्या घरगुती गप्पाही त्यात गेल्या. जपून ठेवलेलं सगळं कधीतरी कुणीतरी वाचू शकतं, म्हणून मुदत संपली की पुसायचं.

कोर्टाचं त्यांनीच सांगितलं. मेलची प्रिंट काढून सही ठोकली की पुरावा होत नाही. २०१४ च्या विधानसभेला जालन्यात उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, यावरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात खटला झाला. निवडणूक कचेरीतल्या व्हिडिओची सीडी साक्ष कायद्यातल्या प्रमाणपत्राशिवाय चालते का, हा त्यातला प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला. २०२० मध्ये कोर्टाने सांगितलं, मूळ यंत्रच हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र हवंच. आता नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश किंमत, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण, हीही लिहावी लागते. एक स्वल्पविराम बदलला तरी हॅश बदलतो. आमचा आर्काइव्ह मेल आल्या आल्या तो काढून ठेवतो, हे आठवून मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

खरी परीक्षा त्यानंतर झाली. आमच्या एका जुन्या सप्लायरची मेल आली: बँकेत ऑडिट चालू आहे, या वेळचं पेमेंट सोबतच्या नव्या खात्यात करा. खाली आमच्याच मागच्या पत्रव्यवहाराची आख्खी साखळी. हेडर बघितलं: एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क पास. स्पॅमचा स्कोअर शून्याच्याही खाली, कारण शब्द सगळे ओळखीचे. मीच तर शिकवले होते. त्यांचा मेलबॉक्स कुणीतरी फोडला होता आणि मेल खरोखर तिथूनच निघाली होती. वेगळी होती एकच गोष्ट. उत्तर ज्या पत्त्यावर जाणार होतं, त्यात एमच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी होते. स्क्रीनवर ते मला दोनदा वाचूनही दिसले नाहीत.

थांबवलं काकांनी. म्हणाले, "गेल्या दिवाळीच्या बिलावर कुठलं खातं होतं बघ." आर्काइव्हमध्ये सप्लायरचं नाव टाकलं, आधीची बिलं समोर. खातं एकच, कायम तेच. त्यातल्याच एका जुन्या बिलावरचा फोन नंबर काकांनी फिरवला. नव्या मेलमधला नाही. पलीकडून उत्तर आलं, "छे हो, खातं कशाला बदलू?"

तेव्हा या दोन कामांचं नातं मला कळलं. फिल्टर पाठवणाऱ्याची ओळख तपासतो, दानत नाही. दानत ताडून बघायची तर समोरच्याचं आधीचं वागणं माहीत पाहिजे, आणि ते आर्काइव्हमध्ये असतं. आता नियम आहे: बँक खातं बदलायची मेल आली की हेडर कितीही स्वच्छ असो, आधी जुनी बिलं काढायची, मग जुन्या नंबरवर फोन. ऑडिटरसाठी सुरू केलेला आर्काइव्ह अकाउंट्सवाले माझ्यापेक्षा जास्त वापरतात.

साहेबांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते झालं ओ मॅडम, पण निम्म्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, त्यांचं काय करायचं?" बंगळूरच्या मुलाला फोन लावलाय. उचलत नाही.